रमजानआधीची रंगरंगोटी आणि घरी दोघंच असलेले अम्मी-अब्बा

रमजान जवळ येऊ लागला की घराघरात रंगाचा विषय निघतो. पूर्वी हे काम म्हणजे घरचाच कार्यक्रम असायचा. आदल्या रात्री पिंपात चुना भिजत घालायचा, सकाळी चाचा-मामांनी कुंचले घ्यायचे, आणि जड कपाट उचलायला शेजारची चार पोरं हाकेसरशी यायची. आज रत्नागिरी, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत सत्तरीतले दोघंच राहतात, काही घरांत तर एकटी अम्मी. एक मुलगा कुवेतला, दुसरा दुबईत, मुली सासरी. फोन येतो, "अम्मी, पैसे पाठवलेत, या वेळी आतून-बाहेरून रंग करून घ्या." पैसे पाठवणं सोपं असतं. रंगारी शोधायचा, त्याच्याशी भाव ठरवायचा, पंधरा दिवस घर परक्या माणसांच्या हाती द्यायचं आणि त्याच घरात रात्री झोपायचं, हे सगळं इकडे अम्मी-अब्बांना निभवावं लागतं.

आधी हंगामाचं बघू. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. २०१६ साली तो जूनमध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर आला होता. सध्या तो फेब्रुवारीच्या आसपास आहे. २०३० मध्ये जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. म्हणजे आताची काही वर्षं कोकणातल्या माणसाला सोयीची आहेत. पाऊस संपून भिंती वाळलेल्या असतात आणि उन्हाळ्याची काहिली अजून सुरू झालेली नसते. मात्र रमजान तोंडावर आला की चांगला रंगारी हाताशी लागत नाही. निदान दीड-दोन महिने आधी बोलणी करावीत. काम शाबानच्या मध्यापर्यंत संपलं तर उत्तम. रोजे सुरू झाल्यावर घरात टर्पेंटाइनचा वास आणि सहरीच्या वेळी पायात बादल्या, हे या वयात नको.

चिऱ्याच्या घरांची एक वेगळी अडचण आहे. जांभा दगड पाणी शोषतो. गिलावा असला तरी पावसाळ्यात ओल आत येते, भिंतीला लोणा लागतो, पांढरी भुकटी सुटते. त्यावर कितीही महाग रंग लावला तरी एका पावसात पोपडे निघतात. म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधायला हवं: फुटकी कौलं, गळका पाइप की जमिनीतून चढणारं पाणी? तपासायची सोपी रीत आहे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. "लांबी भरली की सगळं झाकून जाईल" असं म्हणणाऱ्या रंगाऱ्याला सरळ नकार द्यावा.

आता भाव. बहुतेक ठिकाणी दर चौरस फुटावर असतो, आणि ज्येष्ठांचा घोळ इथेच होतो, कारण त्यांच्या डोक्यात जमिनीचं माप असतं. दहा बाय बाराची खोली म्हणजे जमीन १२० चौरस फूट. पण दहा फूट उंचीच्या चार भिंती ४४० आणि छत १२० मिळून ५६० होतात. एक दार आणि एक खिडकी वजा केली तरी सव्वापाचशेच्या आसपास रंगकाम उरतं. हा हिशेब माहीत असला की रंगारी लुबाडतोय अशी उगाच शंका येत नाही, आणि त्याने सातशे सांगितले तर विचारताही येतं. दार-खिडक्या वजा करणार का, लांबीचे किती हात, प्रायमर आहे का, रंगाचे किती हात, ऑइल पेंट फक्त लाकडाला की ग्रिललाही, सामान हलवणं आणि शेवटची साफसफाई कोणाकडे, हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. "ओळखीचा माणूस आहे, लिहून काय घ्यायचं?" असं अब्बा हमखास म्हणतात. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं. ओळखीच्या माणसाशी तर लिहूनच ठेवावं, म्हणजे ओळख टिकते.

रंग स्वतः आणायचा की रंगाऱ्याने? बऱ्याच कंपन्यांच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन किंवा कूपन असतं, त्यामुळे तो ठरावीक कंपनीचा आग्रह धरतो. टोकन त्याला घेऊ द्यावं, त्यात काही गैर नाही. मात्र डबे सीलबंद आले आहेत आणि आपल्यासमोर उघडले जात आहेत, एवढं पाहावं. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. त्याआधीच्या थरांची खात्री देता येत नाही. म्हणून जुना ऑइल पेंट घासताना पृष्ठभाग ओला करून घासायला सांगावं, आणि सुट्टीत नातवंडं आलेली असतील तर ते काम ती परतल्यावर काढावं.

पैशाच्या बाबतीत आपल्या लोकांची एक अडचण होते. मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी ही शिकवण लहानपणापासून कानावर असते, त्यामुळे पैसे राखून ठेवायला संकोच वाटतो. यावर उपाय हप्त्यांचा. सुरुवातीला एकूण रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त देऊ नये. लांबी आणि प्रायमर झाल्यावर दुसरा हप्ता, पहिल्या हातानंतर तिसरा, आणि उजेडात सगळं पाहून झाल्यावर, त्याच दिवशी, शेवटचा. झालेल्या कामाचे पैसे एक तासही अडवायचे नाहीत, आणि न झालेल्या कामाचे आधी द्यायचे नाहीत. मुलगा परदेशातून परस्पर ठेकेदाराच्या खात्यात सगळी रक्कम टाकतो, तेव्हा अम्मीच्या हातात काहीच उरत नाही. तिच्या सांगण्याला मग कोण विचारतो?

सामान हलवण्याआधी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात. दागिने आणि कागद (घराचे दस्त, पासबुक, पासपोर्ट) विश्वासातल्या नातेवाइकाकडे किंवा लॉकरमध्ये. रोजची औषधं आणि चष्मा एका पिशवीत, आणि ती पिशवी कायम एकाच खुंटीला. इन्सुलिन घेत असाल तर फ्रिज बंद राहण्याच्या दिवशी ते शेजारच्या फ्रिजमध्ये. कपाट रिकामं केल्याशिवाय हलवू देऊ नये, आणि अब्बांनी "जरा हात लावतो" म्हणून पुढे होऊ नये. हमाल आणा, दोन माणसांचे पैसे जास्त द्या. पाठीत भरलेली उसण त्याहून महाग पडते.

एका वेळी एकच खोली काढावी. रंगाऱ्याला हे आवडत नाही, त्याचे दिवस वाढतात. पण घर एकदम उलटंपालटं झालं की वृद्ध माणूस रात्री अडखळतो. वर्षानुवर्षं पलंगावरून उठून डावीकडे सात पावलं टाकली की न्हाणीघर, हे पायांना पाठ झालेलं असतं. मध्ये शिडी आली की पडणं ठरलेलं. तेव्हा झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतची वाट रोज संध्याकाळी मोकळी करून घ्यावी आणि तिथे रात्रभर लहान दिवा ठेवावा. अम्मी एकटी असेल तर कामाच्या वेळी भाचा, जावई किंवा शेजारचं कुणी घरात असावं. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी ऑइल पेंटचे दिवस बहिणीकडे काढलेले बरे.

सामान परत लावताना जुन्याच जागी लावायला हवं असं नाही. पलंगाची उंची अशी असावी की बसल्यावर तळवे पुरते जमिनीला टेकतील. खूप उंच सागवानी पलंगाचे पाय सुताराकडून कापून घेता येतात. सतरंजीच्या मुडपणाऱ्या कडा काढाव्यात. भिंतीला चकचकीत रंग लावला तर मोतीबिंदूच्या डोळ्यांना उजेड टोचतो, त्यापेक्षा मॅट बरा. निळ्या-जांभळ्या छटांतला फरकही अशा डोळ्यांना नीट कळत नाही. दाराची चौकट आणि बटणांचा बोर्ड भिंतीहून वेगळ्या, ठळक रंगात असला की अंधूक उजेडातही सापडतो. आणि सगळं घर उघडलेलंच आहे तर न्हाणीघरात हाताला धरायची दांडी आत्ताच बसवून घ्यावी.

मग येतो तो नाजूक प्रश्न: "हे जुनं सामान काढून टाका ना, अम्मी!" तो पेटारा तिच्या लग्नात आलेला असतो. मुलांना त्याची अडगळ होते, तिला होत नाही. मला विचाराल तर जोवर ती त्या घरात राहते आहे, तोवर तिचा शब्द शेवटचा. व्यवहार म्हणूनही जुनं लाकूड टाकण्याची घाई नको. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये घरांत पाणी शिरलं होतं. पाण्यात राहिलं की भुशाच्या बोर्डाचं फर्निचर फुगून वाया जातं, भरीव सागवान वाळवून पुन्हा वापरता येतं.

काही विकायचंच ठरलं तर फोनवरच्या ग्राहकापासून सावध राहावं. "क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर कळवावं. मुलाकडे मुंब्र्याला किंवा पुण्याला सामान न्यायचं असेल तर टेम्पोत चढवण्याआधी प्रत्येक वस्तूची यादी आणि फोटो, ठरलेली रक्कम लेखी, आणि बिल्टी हातात. वाटेत गाडी थांबवून जादा पैसे मागितले किंवा सामान फुटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांकही आहे. हे आकडे फोनच्या शेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवावेत.

आणि हो, उरलेला रंग रंगाऱ्याला देऊन टाकू नका. डब्याचं झाकण घट्ट लावून त्यावर खोलीचं नाव, शेडचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. पावसानंतर एखादा पोपडा निघाला तर पाव लिटरमध्ये काम भागतं.