नागपूर ते मुंबई : विमानाला किती वेळ लागतो?

नागपूरहून मुंबईला विमान दीड तासात जाते, असे आपण ऐकतो. आगगाडीला बारा ते पंधरा तास लागतात. मग विमानाने गेलं की सगळा दिवस वाचला, असे वाटते. खरेच तसे आहे का? चला, आपण हिशेब करून पाहू.

आधी अंतर पाहू. आगगाडीने नागपूर ते मुंबई हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. रूळ सरळ जात नाही. त्याला वाटेतली गावे घ्यायची असतात. कसाऱ्याचा घाट उतरायचा असतो. विमानाला ना घाट, ना नदी. ते जवळजवळ सरळ जाते. ते अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते.

आता वेग पाहू. मोठे विमान उंचावर गेले म्हणजे तासाला सुमारे ८०० किलोमीटर जाते. मग ६८० किलोमीटरला एक तासही लागू नये! दीड तास कशाला?

त्याचे कारण असे. विमान आधी जमिनीवरून हळूहळू धावपट्टीकडे जाते. हा वेळही दीड तासात धरलेला असतो. चढताना आणि उतरताना त्याचा वेग कमी असतो. मुंबईला विमानांची गर्दी फार. कधी कधी उतरण्याची पाळी येईपर्यंत विमान आकाशातच घिरट्या घालते. वाराही आहेच. सायकलवर समोरचा वारा लागला की उशीर होतो ना? तसेच विमानाचे होते.

आता आपला हिशेब. आपले गाव वर्ध्याजवळ आहे असे समजू.

गावाहून नागपूरचा विमानतळ : २ तास
विमान सुटण्याआधी हजर : २ तास
विमानाचा प्रवास : दीड तास
सामान घेऊन बाहेर : अर्धा तास
मुंबईत मुक्कामी पोचणे : १ तास
एकूण : ७ तास

म्हणजे वेळ वाचतो, पण आगगाडीच्या निम्मा. गाडीत रात्री झोपून सकाळी मुंबईला उतरता येते. साध्या कामाला गाडी बरी. पण माणूस इस्पितळात आहे, आजच पोचले पाहिजे, अशा वेळी हे सात तास मोलाचे ठरतात.

अशा घाईत तिकीट नीट वाचले पाहिजे. त्यावर सकाळ-संध्याकाळ लिहिलेले नसते. १८:३० असे असेल तर त्यातून १२ वजा करा. संध्याकाळचे साडेसहा झाले. ००:३० म्हणजे रात्रीचे साडेबारा. इथेच पुष्कळांची फसगत होते. तिकिटावर १० तारीख आणि ००:३० असेल, तर ९ तारखेला संध्याकाळीच घर सोडायचे. १० तारखेच्या रात्री गेलो, तर विमान आदल्या रात्रीच गेलेले असेल! पैसे गेले, आणि वेळही गेला.

दोन तास आधी का जायचे? तिथे ओळखपत्र पाहतात, झडती होते. सुटण्याच्या सुमारे तासभर आधी सामान घेणे बंद करतात. मग कोणी ऐकत नाही.

परत येताना आणखी एक पाहा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने सुटतात. आपले विमान कुठून सुटते, ते तिकिटावर असते.

तारीख, वेळ आणि विमानतळ. तिकीट हाती आले की या तीन गोष्टी आपण स्वतः वाचाव्या. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याला विचारायचे ते फक्त खात्रीसाठी.