सरहद्दीवरची जमीन आणि तिचा मोबदला

दोन देशांत सीमेचा तंटा असला म्हणजे आपण नकाशावरील रेषेचा विचार करतो. त्या रेषेलगतच्या शेताला कोणी एक धनी असतो, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ते शेत सरकारने छावणीसाठी किंवा रस्त्यासाठी घेतले, तर धन्याला मोबदला केव्हा व कोणत्या हिशेबाने द्यावयाचा? अरुणाचल प्रदेशाच्या उदाहरणावरून हा प्रश्न नीट उलगडतो.

पूर्व सरहद्दीवरील सुमारे 90,000 चौरस किलोमीटर मुलूख चीन आपला म्हणून सांगतो. 1962 च्या युद्धात चिनी फौजा तवांग घेऊन बोमदिलापर्यंत आल्या आणि मग माघारी गेल्या. त्यानंतर आपल्या लष्कराने तेथे तळ, रस्ते व पूल उभारले. त्यासाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदला मात्र राहून गेला. वेस्ट कामेंग जिल्ह्यातील गावकऱ्यांना 37 कोटी 73 लाख रुपयांचे धनादेश मिळाले, ते 2018 च्या ऑक्टोबरात. काहींच्या वाट्याला सहा-सहा कोटी आले. पण अर्धशतक उलटून गेले होते. ज्याच्या हातून जमीन गेली त्याच्याच हातात पैसा पडला, असे किती ठिकाणी झाले असेल? त्याच वर्षी फेब्रुवारीत तवांगकडील बोमजा ह्या गावी 31 कुटुंबांना सुमारे 200 एकरांबद्दल 40 कोटी 80 लाख रुपये मिळाले. वर्तमानपत्रांनी ‘कोट्यधीशांचे गाव’ म्हणून कौतुक केले. परंतु मोबदला हे बक्षीस नव्हे, ते देणे आहे.

हे देणे इतके का रखडते? एक कारण घाईचे. शत्रू दाराशी असता कागदपत्रे करीत बसण्यास कोणाला सवड नसते. दुसरे कारण मालकीचे. आपल्याकडे सातबारा काढला की नाव दिसते. अरुणाचलात जमीन बहुधा कुळाची किंवा गावाची, ती वहिवाटीने राखलेली. मोजणी व नोंद फार थोडी. जमिनीच्या प्रमाणपत्राला मालकी हक्काचे बळ देणारी दुरुस्ती तेथील विधानसभेने केली, तीही 2018 मध्ये. तिसरे कारण किमतीचे. भाव ठरतो खरेदीखतांवरून; जेथे जमीन बाहेरच्यास विकताच येत नाही, तेथे खरेदीखते आणावयाची कोठून?

2013 च्या भूसंपादन कायद्याने ह्यातील काही गाठी सोडविल्या. खरेदीखते नसतील तेथे शेजारच्या भागातील तशाच जमिनीवरून राज्य सरकारने किमान दर ठरवावा, अशी तरतूद त्यात आहे. ग्रामीण भागात बाजारभावाला एक ते दोनपर्यंतच्या अंकाने गुणावयाचे आणि येणाऱ्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर द्यावयाची. संरक्षणासाठी तातडीने ताबा घेतला, तरी 80 टक्के रक्कम आधी हातावर ठेवावी लागते.

मात्र त्याच कलमात एक मेख आहे. तातडीने घेतलेल्या जमिनीला एरवी 75 टक्के जादा मोबदला मिळतो. पण प्रकल्प देशाच्या सार्वभौमत्वाशी, सुरक्षिततेशी किंवा परराष्ट्रसंबंधांशी निगडित असेल, तर तो द्यावा लागत नाही. म्हणजे भूकंपग्रस्तांसाठी जमीन गेली तर जादा रक्कम मिळेल, आणि सरहद्दीवरील तळासाठी गेली तर मिळणार नाही. सर्व देशाच्या रक्षणाचा खर्च काही मोजक्या खेड्यांनी अधिक सोसावा, हे न्यायाचे आहे काय?

असाच प्रश्न काश्मिरातही उठला. नियंत्रण रेषेजवळच्या तंगधारची काही खाजगी जमीन 1978 पासून लष्कराच्या ताब्यात होती आणि तिचे भाडे धन्याला मिळाले नव्हते. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते ठरवून देण्याचा आदेश दिला. 1978 च्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला गेला हे खरे. तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येत नाही, असे 300 अ हे कलम आजही सांगते.

सीमेचा तंटा दोन सरकारांचा असतो, आणि तो मिटावयास पिढ्या लागतात. शेतकऱ्याच्या मालकीला त्या तंट्याच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही. एखादा मुलूख आमचा आहे असे आपण जगाला सांगतो, तेव्हा तेथील माणसाच्या बांधालाही आपल्या कायद्याचे संरक्षण आहे, हे त्यात गृहीत असते. त्याच्या जमिनीचा मोबदला वेळेवर चुकता करणे हे म्हणूनच त्या दाव्याचे पहिले कर्तव्य होय.