ओटा आणि बुरूज

रिद्धपूरला आलेला महानुभावी उपदेशी, म्हणजे पंथाचा गृहस्थ अनुयायी, घाईत नसतो. ओट्यासमोर आडवा होतो, दगडाला कपाळ टेकवतो, विडा ठेवतो नि पुढच्या ओट्याकडे वळतो. वाटेत कुणी भेटलं की ‘दंडवत प्रणाम’.

मोर्शी तालुक्यातल्या या गावात मान आहे तो जागेला. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले, त्या जागा ओटे बांधून राखल्यात. राजमठात तर त्यांचं राहणंच होतं. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी, ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून आठवणी लिहून घेतल्या. एकाच प्रसंगाच्या दोन हकिकती मिळाल्या, तर कोण काय सांगतं तेही टिपलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्र’ आकाराला आलं ते असं. पुढच्या शतकातल्या ‘स्थानपोथी’त गावोगावच्या जागा दिशांसकट आल्या. उपदेशी आज ओटा शोधतो तो या नोंदींच्या आधारानं. बातमीदारानं म्हाइंभटांकडून शिकावं, इतकी ती पद्धत चोख.

इथून परतवाड्यावरून घाट चढला की चिखलदरा, आणि पलीकडे गाविलगड. तिथे मात्र पाहणाऱ्याच्या हाती पोथी नसते.

अकोला जिल्ह्यातल्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. मग इंग्रजांचे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गडाकडे वळले. स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरात वाट फोडून तोफा उत्तरेच्या अंगानं वर ओढल्या. 15 डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून फौज आत घुसली. आतल्या तटाला कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावल्या आणि दरवाजा उघडला. किल्ला लढवणारा बेनीसिंग दरवाजाजवळच्या प्रेतांच्या ढिगात सापडला.

पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची वॉर सिमेट्री आहे. एका मापाचे दगड, त्यावर नाव, पलटण, तारीख. गाविलगडावर तशी रांग नाही. वेलस्लीनं आपल्या मेल्या-जखमींचा हिशेब वर कळवला. गडावरच्या शिबंदीचा हिशेब कोण कुणाला कळवणार? बुरुजाखाली उभा राहणारा पर्यटक पडलेली तोफ पाहतो, दरीचा फोटो काढतो, मक्याचं कणीस घेऊन निघतो. त्याचा दोष नाही. इथे अमुक पडला, हे सांगणारा ओटाच कुणी बांधलेला नाही.

गड पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र त्याच तहानं त्यांच्याकडेच राहिले.