गुन्हा, जमात आणि पोलीस : अमेरिकेतील वंशविषयक वादाच्या अनुषंगाने महाराष्ट्रातील विमुक्त जमातींचा विचार

प्रास्ताविक

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉईड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि वंश, गुन्हेगारी व पोलीस यांच्या परस्परसंबंधाचा तेथील जुना वाद पुन्हा पेटला. मराठी वृत्तपत्रांनी या घटनेची दखल विस्ताराने घेतली. त्या लेखनाचा सूर बहुतांशी सहानुभूतीचा होता आणि ते योग्यच होते. परंतु एखादा समाज जन्मतःच गुन्हेगार असतो, हे गृहीतक अमेरिकेत कधी राष्ट्रीय कायद्याच्या शीर्षकात छापले गेले नव्हते. आपल्या देशात ते छापले गेले होते, आणि १८७१ पासून १९५२ पर्यंत तो कायदा अमलात होता. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील वादाचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट करून, त्याच्या प्रकाशात महाराष्ट्रातील विमुक्त जमाती आणि पोलीस यंत्रणा यांच्यातील संबंधांचा विचार केला आहे.

अमेरिकेतील वाद : आकड्यांचा अर्थ

१८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. लगोलग दक्षिणेकडील राज्यांनी जे निर्बंध केले, त्यांत भटकेपणा हा गुन्हा ठरविणारे कायदे होते. कामधंद्याचा पुरावा दाखवू न शकणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयास अटक करता येई, दंड करता येई आणि दंड न भरल्यास मजुरीला जुंपता येई. अशा अटकांतून तुरुंग भरले. १८९० च्या जनगणनेतील तुरुंगवासीयांच्या आकड्यांवरून पुढे फ्रेडरिक हॉफमन या विमासंख्याशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये असे प्रतिपादन केले की, गुन्हेगारी हे कृष्णवर्णीयांचे वांशिक लक्षणच होय. तीनच वर्षांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीची घरोघरी पाहणी करून दारिद्र्य, बेरोजगारी आणि न्याययंत्रणेची वागणूक यांचा हिशेब मांडला. पुढील सव्वाशे वर्षांचा वाद या दोन भूमिकांच्या दरम्यानच फिरत राहिला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क शहराचे आहे. तेथे रस्त्यावर माणसास थांबवून त्याची झडती घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात असे सुमारे ४४ लाख प्रसंग नोंदविले गेले. त्यांपैकी ५२ टक्के प्रसंगी थांबविलेली व्यक्ती कृष्णवर्णीय होती. शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण मात्र २३ टक्के होते. पोलिसांचे म्हणणे असे की, गुन्हे ज्या वस्त्यांत अधिक, तेथेच तपासणी अधिक होणार. हे म्हणणे वरकरणी बिनतोड वाटते. परंतु त्याच नोंदींनुसार शस्त्र सापडण्याचे प्रमाण थांबविलेल्या कृष्णवर्णीयांत १ टक्का, तर श्वेतवर्णीयांत १.४ टक्के होते. म्हणजे ज्यांच्यावर संशय जास्त, त्यांच्याकडे मिळाले कमी. ऑगस्ट २०१३ मध्ये संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही पद्धत ज्या रीतीने राबविली जात होती ती घटनाबाह्य ठरविली.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. कृष्णवर्णीय वस्त्यांतील हत्यांचे प्रमाण खरोखरच अधिक आहे आणि त्यांत बळी पडणारेही बहुतांशी कृष्णवर्णीयच आहेत. जेम्स फोरमन यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधी आणि नागरिक यांनीच एकेकाळी कठोर कायद्यांची मागणी केली होती. ज्याच्या दारात खून होतो त्याला पोलीस हवेच असतात. रोलंड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञाच्या २०१६ च्या अभ्यासात असे आढळले की, ढकलणे, हातकड्या घालणे अशा बळाच्या वापरात वांशिक तफावत मोठी आहे. गोळीबारात मात्र ती दिसत नाही. त्यावर २०२० मध्ये इतर संशोधकांनी आक्षेप घेतला. पोलिसांच्या नोंदी माणसास थांबविल्यानंतर सुरू होतात. थांबविण्याच्या निर्णयातच पक्षपात असेल, तर पुढील सर्व तुलना मुळातच कलते. हा मुद्दा अमेरिकेपुरता नाही, म्हणूनच तो येथे थोडा विस्ताराने सांगितला.

कायद्याने घडविलेली जमात

ब्रिटिश राजवटीने १८७१ मध्ये केलेला ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ आरंभी उत्तर हिंदुस्थानास लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई व मद्रास इलाख्यांपर्यंत वाढली आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. सरकारने राजपत्रात एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की ती जाहीर झाली; त्या घोषणेच्या वैधतेबद्दल १८७१ च्या कायद्यानुसार कोणत्याही न्यायालयात प्रश्न विचारता येत नव्हता. नोंदवहीत नाव, हाताचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना आणि काही प्रसंगी मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. जातीनुसार धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तर चोरीही तशीच चालत असणार, अशी ही विचारसरणी. अमेरिकेत जे काम तुरुंगाच्या आकड्यांनी केले, ते येथे जातिव्यवस्थेच्या अर्धवट आकलनाने केले.

रामोशी समाजाचे उदाहरण या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. मराठी मुलखात गावाची राखण, किल्ल्यांचा पहारा आणि चोरीचा माग काढणे ही रामोश्यांची कामे होती. माग गावाच्या शिवेत थांबला तर चोरीची भरपाई करण्याची जबाबदारीही राखणदारावर येई. पेशवाईनंतर नव्या महसूल आणि पोलीस व्यवस्थेत ही वतने व हक्क आक्रसले. उमाजी नाईकांचे बंड याच अस्वस्थतेतून उभे राहिले. ज्यांच्या हाती गावाची राखण होती, तेच पुढे संशयितांच्या यादीत गेले. त्यांचा स्वभाव बदलला नव्हता. बदलली होती ती त्यांच्या कामाची राज्यकर्त्यांना असलेली गरज.

सोलापूर येथे काटेरी तारांच्या कुंपणात अशा जमातींची वसाहत उभारण्यात आली. तेथील रहिवासी कापडगिरण्यांत काम करीत. वसाहतीच्या व्यवस्थापनात काही काळ अमेरिकन मराठी मिशनचाही सहभाग होता. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरच्या बोलीत आजही वस्तीचे नाव म्हणून रूढ आहे. सुधारणा, कैद आणि गिरणीला स्वस्त मजूर या तीन गोष्टी तेथे एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की, त्यांतील मुख्य हेतू कोणता होता हे ठरविणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मजुरांची गरज हा भाग आपल्या लेखनात पुरेसा आलेला नाही.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द केला. म्हणूनच ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद आदी चौदा नावे आहेत. फासेपारधी अनुसूचित जमातींत मोडतात. या यादीतील एका नावाकडे भाषेच्या अध्यापकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘भामटा’ हा शब्द मराठीत लबाड, चोर या अर्थाने सर्रास वापरला जातो. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतही तो येतो. ज्या विद्यार्थ्याच्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द असतो, त्याच्या दृष्टीने तो मथळा कसा वाचला जात असेल? लक्ष्मण गायकवाड यांच्या १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या आत्मकथनाचे ‘उचल्या’ हे शीर्षक म्हणजे अशाच एका शिवीचा जाणीवपूर्वक केलेला स्वीकार आहे.

रद्द झालेल्या कायद्याचे अवशेष

कायदा गेला तरी त्याची कार्यपद्धती इतर कायद्यांत विखुरली. १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. तत्त्वतः तो जमातीस नव्हे, तर वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीस लागू होतो, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी भिक्षा प्रतिबंधक कायदाही झाला. त्यातील भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे आणि वस्तू विकण्याच्या मिषाने पैसे मागणे यांचाही समावेश आहे. भटक्या जमातींच्या परंपरागत उपजीविकांची ही जवळजवळ यादीच होय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याच्या अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या रद्दबातल ठरविल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांची शिकारही बेकायदा ठरली. तो कायदा आवश्यकच होता, पण पर्यायी उपजीविकेची तरतूद त्याच्या मागोमाग आली नाही. शिवाय सूर्यास्तानंतर संशयास्पद रीतीने आढळणे, चांगल्या वर्तणुकीची हमी देणे, तडीपारी अशा तरतुदींत पोलीस अधिकाऱ्याच्या अंदाजास मोठा वाव राहतो. ज्याला घर नाही, तो सूर्यास्तानंतर बाहेरच आढळणार.

१९९८ या एकाच वर्षी पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर यांचा आणि आपल्याकडे बारामती येथे एका पारधी इसमाचा पोलीस कोठडीतील मारहाणीने मृत्यू झाला. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी या काळात विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटित प्रयत्न सुरू केले. पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने आपले अहवाल सादर केले. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचे होते. अहवाल आले, शिफारशी झाल्या. अंमलबजावणीची कथा वाचकांस नवी नाही.

संशय केवळ पोलिसांच्या मनात असतो असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. हे पाचही जण भिक्षेकरी म्हणून गावोगाव फिरणारे होते. आपल्याच पालघर जिल्ह्यात १६ एप्रिल २०२० रोजी गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली; तेथेही अफवाच पसरली होती. या दोन घटनांतील बळी निरनिराळ्या स्तरांतील आहेत आणि त्यांना एकाच साच्यात बसविणे योग्य नाही. अनोळखी, फिरता माणूस म्हणजे धोका, ही धारणा मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

आपल्या परिसरातील प्रश्न

मनवेलपाडा व विरार पूर्वेकडील इतर वस्त्या गेल्या काही दशकांत बाहेरून आलेल्या कुटुंबांमुळेच वाढल्या. येथे भाड्याने घर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी अनोळखी होता. तरीही घर देताना आडनाव, बोली, धर्म आणि वर्ण पाहिला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या नालासोपारा पूर्वेकडील प्रगतीनगर भागात राहणाऱ्या नायजेरियन नागरिकांच्या बाबतीत वंशाचा प्रश्न थेट आपल्या दारी आला आहे. अमली पदार्थ आणि मुदतबाह्य वास्तव्य यांबद्दल तेथे पोलिसांनी वेळोवेळी कारवाया केल्या आहेत. गुन्हे घडले असतील तर कारवाई व्हायलाच हवी. परंतु काही आरोपींवरून साऱ्या समूहाविषयी मत बनते, तेव्हा हॉफमनचीच पद्धत आपण नकळत वापरीत असतो. गोव्यात २०१३ मध्ये एका नायजेरियन व्यक्तीच्या हत्येनंतर त्या देशाच्या नागरिकांनी महामार्ग अडविला, तेव्हा एका मंत्र्याने त्यांची तुलना कर्करोगाशी केली होती, याचे येथे स्मरण व्हावे.

नोंद ठेवावी की नको?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत संघराज्य या खटल्यात तुरुंग नियमावल्यांतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या प्रथेवर न्यायालयाने कठोर टीका केली, या जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये याची दक्षता घेण्याचे निर्देश पोलिसांना दिले आणि तुरुंगातील नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. त्याच वर्षी मे महिन्यात अमानतुल्ला खान प्रकरणात, मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे केवळ पूर्वग्रहापोटी पोलिसांच्या संशयित नोंदवहीत चढविली जातात, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले होते.

येथे एक अडचण उद्‌भवते. न्यूयॉर्कमधील पक्षपात सिद्ध होऊ शकला, कारण प्रत्येक झडतीनंतर पोलिसास एक छापील अर्ज भरावा लागे आणि त्यात वंशाचा रकाना होता. आपल्याकडील तुरुंगविषयक वार्षिक आकडेवारीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व इतर मागासवर्ग असे विभाग असतात. विमुक्त असा स्वतंत्र विभाग नसतो. परिणामी, अमेरिकेत आकड्यांच्या अर्थावरून वाद चालतो, तर आपल्याकडे आकडेच नसताना समज पक्का आहे. तुरुंगाच्या दारातील वहीत जात लिहिली की त्यावरून कामाची वाटणी होते, म्हणून ती तेथून गेली पाहिजे. सांख्यिकीतूनही ती गेली, तर अन्याय मोजण्याचे साधन हरवते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीसंकलनास आपल्या निर्णयाची बाधा येणार नाही, असे न्यायालयाने पुढे स्पष्ट केले, ते त्यामुळे महत्त्वाचे आहे.

हा प्रश्न समाजशास्त्र, विधी, संख्याशास्त्र आणि मराठी या चारही विभागांच्या अभ्यासकक्षेत येतो. पोलीस ठाण्यात चौकशीसाठी आणून नंतर सोडून दिलेल्या माणसाची कागदावर खूण क्वचितच राहते. ती राहावी यासाठी त्या कागदावर आणल्याची वेळ, सोडल्याची वेळ, संशयाचे कारण, काय सापडले आणि आणणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव एवढे पाच रकाने असले, तरी अभ्यासास आरंभ करता येईल.