कालव्याचं पाणी माठात कसं येतं

कोपरगाव-राहात्याच्या पट्ट्यात कालव्याला आवर्तन (ठरावीक मुदतीने सोडलेलं पाणी) सुटतं तेव्हा कागदावर ते पिकांसाठी असतं. प्रत्यक्षात त्याच पाण्यावर जनावरं पितात, धुणी होतात आणि गावाचा साठवण तलाव भरतो. धरणातल्या साठ्याचं नियोजन 15 ऑक्टोबरची पातळी पाहून होतं, त्यात पिण्याचा वाटा आधी राखतात. दोन आवर्तनांत महिना-दीड महिन्याचं अंतर पडलं, तर तेवढे दिवस गाव या तलावावरच काढतं.

आवर्तनाचं पहिलं पाणी तलावात घेऊ नये. कोरड्या पात्रातला कचरा, मेलेली जनावरं, शेण असं सगळं तेच वाहून आणतं. एखादा दिवस ते पुढे जाऊ द्यावं, मग झडप उघडावी. तलावात गाळ खाली बसतो; जो बसत नाही, त्याला तुरटी गोळा करते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्यानंतर. गढूळ पाण्यात ती टाकली तर क्लोरीन मातीवर आणि सेंद्रिय घाणीवरच खर्ची पडतं, जंतू बचावतात. स्वच्छ पाण्याच्या 1000 लिटरला चांगल्या प्रतीची साधारण अडीच ग्रॅम पावडर लागते, आणि ती मिसळल्यावर किमान अर्धा तास थांबावं लागतं. नंतर क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करायची. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. ही टेस्ट टाकीपाशी करून भागत नाही, गावातल्या शेवटच्या नळावर करायला हवी. नेमकी तीच राहून जाते.

दुसरी वाट जमिनीखालून. मातीच्या कालव्यातून झिरपलेलं पाणी आसपासच्या विहिरींना मिळतं. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा वहनव्यय, म्हणजे तोटा. पण मातीच्या थरांतून गाळून आलेलं हे पाणी कालव्यातल्या पाण्यापेक्षा कितीतरी निवळ असतं. म्हणून झिरपा थांबवणाऱ्या अस्तरीकरणाचं काम निघालं की काठची गावं विरोधाला उभी राहतात, आणि मला तो विरोध अडाणीपणाचा वाटत नाही. पाकिस्तानी पंजाबच्या दक्षिण भागात तर भूजलच खारं, तिथली कित्येक गावं कालव्यावर आणि त्याच्या झिरप्यावरच जगतात.

आरोग्याचा विचार करताना आपण फक्त पिण्याच्या घोटाचा करतो. पोटाचे आजार हात, भांडी आणि शौचालयाच्या मार्गानेही पसरतात, तिथे पाणी मुबलक असणं महत्त्वाचं. हात आणि शौचालय धुवायला निवळलेलं कालव्याचं पाणी चालतं. खाण्याची भांडी मात्र क्लोरीन टाकलेल्या पाण्यानेच विसळावीत. जिथे झिरपा साचतो तिथे डास होतात, ती डबकी बुजवावीच लागतात.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. युरियातलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर ते गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटू शकते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. विहीर प्रयोगशाळेत तपासून घ्यावी आणि आकडा जास्त निघाला तर बाळाची दूधपावडर कालवायला तपासून घेतलेल्या दुसऱ्या विहिरीचं पाणी आणावं.