दुहेरी संरक्षण : गर्भनिरोधन आणि रोगप्रतिबंध यांचा समन्वय

प्रस्तावना : महाराष्ट्रातील संततिनियमनाच्या विचाराला शतकाची परंपरा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. संततिनियमनाबरोबरच गुप्तरोगांपासून बचाव हाही त्यांच्या लेखनाचा विषय होता. पुढे शासकीय कार्यक्रमात पहिला विषय रुजला. दुसरा मागे पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रिया स्त्री-नसबंदीवर विसंबून आहेत. पुरुष-नसबंदी एक टक्क्याहूनही कमी आहे.

स्वरूप : नसबंदी, तांबी, गोळी व इंजेक्शन ही साधने गर्भधारणा रोखतात, परंतु एचआयव्ही, उपदंश वा परमा यांपासून संरक्षण देत नाहीत. निरोध दोन्ही कार्ये करतो. मात्र नेहमीच्या वापरात वर्षभरात शंभरपैकी सुमारे १३ स्त्रियांना गर्भधारणा होते. गोळीच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ७ आहे. दोन्ही साधने एकत्र वापरल्यास, आणि एकाचे अपयश दुसऱ्यावर अवलंबून नाही असे मानल्यास, ते सुमारे १ वर येते. म्हणून स्त्रीने एक परिणामकारक साधन व पुरुषाने निरोध वापरणे, यास ‘दुहेरी संरक्षण’ म्हणतात.

दक्षता : साधने वाढविली म्हणजे सुरक्षितता वाढतेच असे नाही. एकावर एक दोन निरोध, किंवा स्त्री व पुरुष दोघांचेही निरोध एकाच वेळी वापरू नयेत; घर्षणाने ते फाटण्याचा संभव असतो. रबरी निरोधासोबत तेल वा व्हॅसलीन वापरल्यास तो कमकुवत होतो. निरोध फाटल्यास ७२ तासांच्या आत एचआयव्ही-प्रतिबंधक औषधोपचाराबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. तातडीची गर्भनिरोधक गोळी या संसर्गापासून संरक्षण देत नाही.

समारोप : नसबंदीनंतर निरोधाचा आग्रह धरणाऱ्या पत्नीकडे अविश्वासाच्या दृष्टीने पाहिले जाते. वस्तुतः तो स्वतःच्या आरोग्याचा हक्क आहे. दुहेरी संरक्षणामुळे केवळ स्त्रीवर असलेली जबाबदारी उभयतांमध्ये वाटली जाते. नागपुरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे समुपदेशन व तपासणीची सोय आहे. विद्यार्थी विवाहाच्या उंबरठ्यावर असतात. त्यांना ही माहिती संकोच न बाळगता देणे हे महाविद्यालयीन शिक्षकांचे कर्तव्य ठरते.