एक भागीदार की तो भागीदार?

बँकेतील माझ्या नोकरीची पहिली वर्षे बीड जिल्ह्यातील मोंढ्याच्या एका गावी गेली. कापसाची आडत करणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या पेढीचे खाते आमच्या शाखेत होते. एके दिवशी पेढीचे इंग्रजी पत्र आले. अक्षर मुनीमजींचे, खाली दोघांच्या सह्या. मजकूर एवढाच, की यापुढे ‘चेक्स साइन्ड बाय पार्टनर’ वटवावेत. दोघांपैकी कोणीही एक, असा अर्थ मी गृहीत धरला, शिक्का मारला आणि पत्र फाइलला लावले.

तीन-चार महिन्यांनी धाकट्या बंधूंच्या सहीचा मोठ्या रकमेचा चेक वटला आणि थोरले बंधू तावातावाने शाखेत आले. त्यांच्या मते पत्रातील ‘पार्टनर’ म्हणजे ते स्वतः. ‘पार्टनर’पूर्वी ‘अ’ असते तर माझा अर्थ बरोबर ठरला असता. ‘द’ असते तर ‘कोणता?’ असे विचारण्याचे तरी मला सुचले असते. तेथे काहीच नव्हते, आणि मी विचारले नाही. एम.कॉम. झालेल्या माणसाची ती चूक होती, मुनीमजींची नव्हे.

मुनीमजींना बोल कसा लावावा? मराठी, मारवाडी, गुजराती, हिंदी यांपैकी कोणत्याही भाषेत इंग्रजीसारखे उपपद नाही. संस्कृतात नाही, प्राकृतातही नाही. पण म्हणून आपल्याला ‘कोणीतरी’ आणि ‘तोच’ यांतील भेद कळत नाही, असे मात्र नव्हे. ‘दुकानात गिऱ्हाईक आहे’ म्हटले की कोणी एक गिऱ्हाईक आलेले असते. ‘गिऱ्हाईक दुकानात आहे’ म्हटले की ज्याची वाट पाहत होतो, तेच. शब्द तेच, केवळ जागा बदलली. इंग्रजीत शब्दांची जागा अशी सहज हलवता येत नाही, म्हणून ते काम ‘अ’ आणि ‘द’ या चिमुकल्या शब्दांवर सोपवलेले आहे. गोष्ट सांगतानाही आपण ‘एक राजा होता’ म्हणतो आणि पुढच्या वाक्यात ‘त्या राजाला’ म्हणतो. इंग्रजीतील ‘ॲन’ हा शब्दही मुळात ‘वन’चाच, म्हणजे आपल्या ‘एक’चा भाऊ आहे, व्यंजनापुढे त्यातील ‘न’ गळाला आणि ‘अ’ उरला.

‘अ’ की ‘ॲन’, याबाबत आमच्या पिढीला पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर ‘ए, ई, आय, ओ, यू’ घोकायला लावले गेले. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आहे, तरी घोकंपट्टी तीच दिसते. माझ्या मते आपल्याजवळ याहून चांगले साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहावा. तो स्वराने सुरू झाला तर ‘ॲन’, व्यंजनाने सुरू झाला तर ‘अ’. ‘अवर’ आणि ‘ऑनेस्ट’ स्वराने सुरू होतात, म्हणून ‘ॲन’. इंग्रजी स्पेलिंगमधील एच मुकाच राहतो. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’ आणि ‘यूपीआय’ यांच्या आरंभी ‘य’ आहे, ‘वन-वे’च्या आरंभी ‘व’, म्हणून ‘अ’. मुलगा बी.कॉम. झाला तर ‘अ बी.कॉम.’, सून एम.कॉम. असेल तर ‘ॲन एम.कॉम.’.

नद्यांना ‘द’ लागते, म्हणून ‘द बिंदुसरा’, ‘द गोदावरी’. गावांना लागत नाही, बीड ते बीडच. व्यापाऱ्याने अधिक जपावे ते मालाच्या बाबतीत. ‘कॉटन’ मोजता येत नाही, म्हणून त्यापूर्वी ‘अ’ येत नाही. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘इन्फर्मेशन’चेही तसेच. परंतु सोमवारी पाठवलेल्या गाठींविषयी लिहायचे असेल तर ‘द कॉटन’ हवेच, नाहीतर समोरचा म्हणेल, कोणता कापूस?

आपल्या रोजच्या चेकवरच्या दोन तिरप्या रेघांतही हाच भेद लपलेला आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १२६ पाहावे. सामान्य रेखांकन असेल तर चेकचे पैसे ‘अ बँकर’ला, म्हणजे कोणत्याही बँकेला देता येतात. रेघांमध्ये एखाद्या बँकेचे नाव लिहून विशेष रेखांकन केले असेल तर ‘द बँकर’ला, म्हणजे त्याच नावाच्या बँकेला किंवा वसुलीसाठी तिने नेमलेल्या प्रतिनिधीलाच. चुकीच्या हाती पैसे गेले तर देणारी बँक जबाबदार. कायद्याचा मसुदा करणाऱ्याने तेथे उपपद गाळले असते तर किती दावे उभे राहिले असते, याचा हिशेब मांडता येणार नाही.

त्या दोन बंधूंचा चेक खराच होता, सरकीच्या देण्यापोटी दिलेला. पैसे कोठे गेले नव्हते. तरीही आठवडाभर दोघे पेढीवर एकमेकांशी बोलले नाहीत, असे मुनीमजींनी मला हळूच सांगितले. पुढे ते दोघे एकत्र शाखेत आले. नव्या पत्राचा मसुदा मीच केला आणि काळजीपूर्वक ‘आयदर ऑफ द पार्टनर्स’ असे लिहिले. थोरल्यांनी तो वाचला, खिशातून पेन काढून तेवढे शब्द खोडले आणि ‘बोथ पार्टनर्स जॉइंटली’ असे करवून घेतले. धाकट्यांनी मान वर न करता सही केली.